तळ्यातली शारजा

दुष्काळानं कुणाचं भलं केलं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईच्या डोक्यावर लहानपणापासून घागर आहे ती असं म्हणूच शकत नाही. पण एक गोष्ट त्याच्या पदरात टाकावी लागेल: आमच्या गावाला मैदान दिलं ते दुष्काळानं. अहमदपूरपासून सायकलच्या टप्प्यातलं आमचं गाव. सगळी जमीन काळी आणि कसदार, त्यामुळे वीतभर जागाही पोरांना खेळायला म्हणून कुणी मोकळी सोडत नसे. त्या साली पौषातच तळं आटलं, माघात तळाचा चिखल वाळला, आणि होळीपर्यंत गावाला एक भलीमोठी, सपाट, मालक नसलेली जागा मिळाली. मोठी माणसं तळ्याकडं बघून उसासे टाकत होती, आणि पोरं त्याच तळ्यात स्टंप ठोकत होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. त्याआधी कशालाही उस्मानाबाद गाठावं लागे. आता कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेब नवे, आणि गावात कुणी काही बोललं की शेवट 'आता आपला जिल्हा हाय' असा व्हायचा. नव्या जिल्ह्याचा स्वतःचा क्रिकेट संघ निवडला जाणार, ही बातमी माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, अहमदपुराहून आणली. दादा आमच्या वस्तीच्या संघाचा कप्तान होता. दिवसा रोजगार हमीवर खडी फोडायचा आणि ऊन कललं की तळ्यात खेळायचा. बोलायचा कमी. त्याचं बोलणं कमी असल्यामुळे असेल, पण तो बोलला की लोक ऐकायचे. माझं नेमकं उलट होतं, आणि घरात त्यावरून मला टोमणे बसत.

आदल्या वर्षी आपण विश्वचषक जिंकल्यापासून गाव क्रिकेटनं येडं झालं होतं. अशात रेडिओवर आलं की शारजात तीन देशांची स्पर्धा आहे, भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका. आमच्या गावातही संघ तीनच होते. एक आमच्या वस्तीचा, सगळी बौद्ध घरं. दुसरा वेशीजवळच्या गल्लीचा, ते जमीनवाले. तिसरा मोहल्ल्याचा. मग काय, आपलीही शारजा करायची असं ठरलं. अहमदपूरच्या भांड्याच्या दुकानातून दोन कानांचा एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, कप आला आणि तो दुकानदाराच्या पिशवीसकट विहारात ठेवला गेला.

अडचण आली ती देश वाटून घेताना. पाकिस्तान कुणी व्हायचं? चिठ्ठ्या टाकू, असं कुणीतरी म्हणालं. मोहल्ल्याचा कप्तान नुसता चपलेनं माती उकरत उभा राहिला. दादानं ते बघितलं. तो म्हणाला, चिठ्ठ्या कशाला, मोहल्ला भारत होऊ दे, आम्हाला श्रीलंका द्या, तो आमच्या धम्माचा देश आहे. झालं! आता गल्लीला उरलं काय ते सांगायलाच नको. गल्लीचा कप्तान उंचापुरा, गोरागोमटा, ट्रॅक्टरवाल्या घरचा. त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवून दादाकडं बघितलं आणि हसला. "बरं फसवलंस गड्या," म्हणाला. "पाकिस्तान तर पाकिस्तान. खेळ तर बगशाल." त्याच्या आजीनं म्हणे दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

भांडणं होऊ नयेत म्हणून दादानं एकच नियम केला: शारजात जसं होईल तसंच आपल्याकडं. वाद झाला की रेडिओला विचारायचं. हा नियम पुढं त्याच्याच अंगावर येणार होता.

खरी कसोटी होती पिचची. काळ्या मातीला भेगा पडलेल्या, त्यात चेंडू पडला की उंदरासारखा बिळात जायचा. पिच दाबायचं तर पाणी लागणार, आणि इथं प्यायला पाणी नाही. सरकारी टँकर दिवसातून एकदा यायचा, तळ्याच्या पाळीवरच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळं गाव त्या विहिरीवर तुटून पडायचं. पोरं पाणी मागायला घरोघर फिरली तेव्हा सगळ्यात जास्त मीच तडकले. आमच्या आईनं मात्र शांतपणे तोड काढली. जे पाणी दोनदा वापरून झालंय, ते पिचला द्यायचं. पोरं परातीत बसवून धुवायची, ते पाणी खाली धरायचं, त्यात भांडी विसळायची, आणि मग जे उरेल ते राखेसकट तळ्यात. आईनं सुरुवात केली आणि बघता बघता मोहल्ल्यातून बादल्या आल्या, गल्लीतूनही आल्या. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप दगडांनी भरून त्याचा रूळ केला. त्या पिचवर आख्ख्या गावाची आंघोळ पडली होती. राखेमुळे म्हणा की कशामुळे, पण पिच असं बसलं की हात फिरवावासा वाटायचा.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगते आहे त्याच्याविषयी. आमच्या आत्याचा मुलगा आमच्या संघात जलद गोलंदाज होता. खडी फोडून त्याचे खांदे दगडासारखे झाले होते. तो पळत आला की तळ्याच्या पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या गप्पाही थांबायच्या. पण त्याच्या घरात कमावणारा तो एकटा. आत्या कंबरेनं अधू. नायगावच्या एका मुकादमाला त्यानं शब्द दिला होता की चौदा एप्रिलची जयंती झाली की सोमवारी टोळीबरोबर नांदेडच्या वीटभट्टीवर येतो, पाऊस पडेपर्यंत. एकदा भट्टीवर गेला की संपलं, हे दादाला कळत होतं. जिल्ह्याचा संघ त्याच्याशिवायच निवडला जाणार होता. ज्याला खेळातलं कळतं अशा एका माणसानं त्याला एकदा, फक्त एकदा, चेंडू टाकताना बघावं, एवढंच दादाला हवं होतं.

म्हणून तो लातूरला गेला. खेळाच्या कचेरीत दिवसभर बसून राहिला. साहेब शेवटी म्हणाले, गावोगावचे सगळे सामने बघत बसलो तर झालं. फायनल कधी आहे, तिला येतो. दादानं सांगितलं, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. तो एवढा खुश होऊन आला होता की माझ्यासाठी लातुरातून रिबिनी आणल्या होत्या, आणि माझं रिबिनी लावायचं वय उलटून गेलं होतं हे त्याच्या लक्षातच नव्हतं. मी त्या लावल्या.

आमची शारजा झकास झाली. श्रीलंकेनं, म्हणजे आम्ही, भारतालाही हरवलं आणि पाकिस्तानलाही. पाकिस्ताननं भारताला हरवलं. मोहल्ल्याच्या कप्तानाला सगळे चिडवायचे की तू देशाची अब्रू घालवलीस, आणि तो म्हणायचा, पुढल्या साली बघा. मधेच टँकर आला की खेळ आपोआप थांबायचा. खेळणारे, बघणारे, पंच, सगळे घागरी घेऊन विहिरीकडं पळायचे. पंच म्हणून उभे असलेले गुरुजी धोतर सावरत सांगायचे, ड्रिंक्स झाले.

जयंतीच्या आदल्या दिवशी खऱ्या शारजातला शेवटचा सामना होता, भारत आणि पाकिस्तान. विहाराच्या ओट्यावर रेडिओ, आणि एका बाजूला पोरं पताका लावतायत. आपण जिंकलो. फटाके वाजले, कुणी कुणाच्या खांद्यावर चढलं. आणि मग निवेदकानं सांगितलं की चषक भारताला मिळाला, स्पर्धा संपली.

संपली म्हणजे? फायनल कुठं गेली? जो तो रेडिओकडं बघत राहिला. नंतर कळलं की तिथं फायनल नव्हतीच. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं, ज्याचे विजय जास्त त्याचा कप. आम्ही सगळे ठामपणे धरून चाललो होतो की स्पर्धा म्हटली की फायनल असणारच, लग्न म्हटलं की जेवण असणारच तसं. कुणी विचारलंच नव्हतं.

पण आमच्या पोरांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आधी आली. शारजात होईल तसं आपल्याकडं. म्हणजे दोन्ही सामने जिंकलेली श्रीलंका विजेती. म्हणजे कप आपला! वस्तीनं गावात काही जिंकलंय असं आजवर झालं नव्हतं. उद्या जयंतीच्या स्टेजवर, फोटोपाशी, हारांच्या मधे तो कप ठेवायचा. पोरांच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

दादा मात्र ओट्यावर बसूनच होता. सगळा दंगा झाल्यावर तो म्हणाला, फायनल घेऊ. पोरांना वाटलं त्याची चेष्टा चाललीय. मग पोरं भडकली. नियम तुझाच, कप आपला, आणि आता आपल्यापुढं वाढलेलं ताट गल्लीवाल्यांना द्यायचं? सगळ्यात जास्त नडला तो आत्याचा पोरगाच. त्याला कळलं होतं हे कुणासाठी चाललंय. तो म्हणाला, "दादा, माझ्यापायी वस्तीचा कप घालवू नको. मला न्हाई जायचं कुठं."

दादा म्हणाला, "कप पुढल्या साली बी येईल. साहेब येणार न्हाई."

एकेक करून पोरं पताका लावायला उठली, आणि ती त्यांची कबुली होती. गल्लीच्या कप्तानाला निरोप गेला तेव्हा त्याला आधी खरंच वाटलं नाही. स्वतः विचारायला आला. दादानं कारण सांगितलं. तो म्हणाला, खेळू, पण मी मुद्दाम हरणार नाही. दादा म्हणाला, मुद्दाम हरलास तर साहेबाला काय दाखवू. मला हे दादानं सांगितलं नाही, त्या कप्तानानंच पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं.

जयंती कपाशिवाय झाली आणि चांगली झाली. कप विहारात पिशवीतच राहिला.

रविवारी तळ्याच्या पाळीवर सगळं गाव. आमची फलंदाजी आधी आली आणि फारशा धावा झाल्या नाहीत. दादा स्वतः लवकर बाद झाला, कारण त्याचा एक डोळा चेंडूवर आणि एक रस्त्यावर होता. साहेबांचा पत्ता नव्हता. गल्लीचा डाव सुरू व्हायला आणि टँकरचा भोंगा वाजायला एकच गाठ पडली. आणि टँकरच्या केबिनमधून, डोक्याला रुमाल बांधलेले, साहेब उतरले! एसटी अहमदपूरपर्यंतच होती, पुढं मिळेल त्या गाडीनं ते आले होते. त्यांनी दादाला स्पष्ट सांगितलं की हा टँकर रिकामा झाला की पुढच्या गावाला जातो आणि त्याच्याबरोबर मलाही जायचंय. तेवढ्या वेळात काय दाखवायचं ते दाखवा.

आणि नेमक्या त्याच वेळी तळं रिकामं झालं. सवयच तशी. पळत सुटलेल्या सगळ्यांबरोबर आत्याचा पोरगाही गेला, कारण त्याच्या घरी घागर ओढणारं दुसरं कुणी नव्हतं. चेंडू त्यानं पिचवर ठेवला होता. गल्लीचा कप्तान बॅट स्टंपांना टेकवून स्वतःच्या घरची तांब्याची घागर भरायला धावला, त्याची आई आजारातून नुकतीच उठली होती. भल्यामोठ्या मोकळ्या तळ्यात दादा एकटा उभा. त्याचा चेहरा मी पाळीवरून बघत होते, आणि मला रडू यायला लागलं होतं.

विहिरीवर दोन बाजू होत्या. टँकर सरकारचा, त्यामुळे कुणाला कुणी अडवू शकत नव्हतं, पण आमचे दोर इकडून आणि त्यांचे तिकडून. एकमेकांच्या घागरीला हात लागायचा नाही. कुणी तसं बोलून दाखवत नसे, बोलायची गरजच नव्हती. आमच्या आईनं आधी आत्याच्या पोराच्या हातातली घागर काढून घेतली आणि त्याला म्हणाली, जा, मी भरते. तो गेला नाही, कारण समोर खेळायला तरी कोण होतं? आईनं ते ओळखलं. मग आत्याची घागर काखेला घेऊन ती विहिरीला वळसा घालून पलीकडं गेली आणि गल्लीच्या कप्तानापुढं हात केला. त्याची ती चकचकीत तांब्याची घागर मागितली.

विहिरीवरचे दोर जिथल्या तिथं थांबले. कप्तानानं आपल्या आईकडं बघितलं. ती बाई जोत्याला टेकून बसली होती. तिनं आधी घागरीकडं बघितलं, मग आमच्या आईकडं.

"भर बाई," ती म्हणाली. "पोरास्नी खेळू दे."

आणि उठून तिनं आत्याची घागर स्वतःकडं ओढली. एवढ्याशा गोष्टीचं कौतुक करावं लागतं याचा मला तेव्हा राग आला होता, आजही येतो. पण कौतुक वाटलं हेही तितकंच खरं. मग कुणाची घागर कोण भरतंय हे बघायला कुणाला सवडच राहिली नाही. बायका म्हणाल्या, जा रे जा, आणि सगळे गडी उताराला लागले.

साहेब टँकरच्या पायरीवर उभे राहून बघत होते. आत्याच्या पोराचा पहिला चेंडू कप्तानानं असा हाणला की तो पाळीला लागून परत आला. मला वाटलं, संपलं. मिडऑनवरून दादा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "टप्पा मागं घे." पुढचा चेंडू थोडा आखूड पडला, आत वळला आणि मधला स्टंप उपटून गेला. कप्तान जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. नंतर आलेल्या पोरांना तर चेंडू दिसतच नव्हता. टँकरमधलं पाणी संपून नुसती धार ठिबकायला लागली तरी साहेब पायरीवरून हलेनात. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला तेव्हा कुठं ते केबिनमधे शिरले. खिडकीतून दादाला म्हणाले, याला बुधवारी लातूरला पाठवा, शिबिर आहे.

सामना आम्ही हरलो. आत्याच्या पोराची षटकं संपल्यावर बाकीच्यांना आमच्या धावा राखता आल्या नाहीत. पाकिस्ताननं कप उचलला आणि भारतानं सगळ्यात मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या. दादानं कप आपल्या हातानं विहारातून आणून दिला, पिशवीसकट.

त्या संध्याकाळी आत्याच्या घरी वेगळंच सुरू होतं. पोरगा म्हणत होता, मुकादमाला शब्द दिलाय, टोळीत एक माणूस कमी पडलं तर सगळ्यांचंच काम अडतं, लातूरबितूर काही नाही. आत्या नुसती रडत होती. दादा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मग म्हणाला, टोळीला माणूस पाहिजे ना, मी जातो. असं म्हणाला, जसं काही दुकानातून काडीपेटी आणायला चाललाय. आईनं रात्रीतून भाकरी थापल्या. सकाळी तो गेला, आणि मी त्याच्याशी भांडलेसुद्धा नाही, जी मी कशावरूनही भांडायची.

महिनाभरानं नव्या जिल्ह्याच्या संघाचा सामना नांदेडला होता, नांदेडच्याच संघाशी. पुढचं मला आत्याच्या पोरानं सांगितलं. आमच्या ओसरीवर बसून सांगितलं.

खऱ्या मैदानावर, खऱ्या चेंडूनं त्याचा टप्पा पुढंच पडत होता. पहिल्याच षटकात नांदेडच्या फलंदाजानं त्याला सीमेबाहेर मारलं. चेंडू लोकांत गेला, आणि हा तो आणायला सीमेपर्यंत गेला. तिथून एकानं तो उचलला आणि थेट याच्या हातात फेकला. त्या माणसाचे हात कोपरापर्यंत विटांच्या मातीनं लाल झाले होते, अंगावरचा सदरा ओळखू येत नव्हता. भट्टीवरून कुणाला न सांगता तो चालत आला होता. त्यानं हात हलवला नाही, हाक मारली नाही.

नुसतं म्हणाला, टप्पा मागं घे.